सात दिवसांचा ट्रे पाच दिवसांत: एका अलाइनर उपचाराचा प्रकरण अभ्यास

पारदर्शक अलाइनरचा ट्रे, म्हणजे दात हळूहळू सरळ करण्यासाठी दातांवर बसवायचा प्लास्टिकचा साचा, किती दिवसांनी बदलायचा, हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ रोज विचारला जातो. एक आकडा सांगून मोकळं होता येतं आणि बहुतेकांचं त्यावर निभावतंही. खालच्या प्रकरणात निभावलं नाही. रुग्णाच्या संमतीने ते इथे मांडतो आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

पार्श्वभूमी

मृणाल, वय २७, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. शाळेत असताना तारा लावायचं ठरलं होतं, ते दहावीच्या वर्षामुळे पुढे ढकललं गेलं आणि मग राहूनच गेलं. लग्न ठरलं, मुहूर्त फेब्रुवारीच्या मध्यावरचा निघाला, आणि जुलैच्या सुरुवातीला ती आईला घेऊन आली. आईंचा पहिलाच प्रश्न होता, "डॉक्टर, लग्नाच्या फोटोंपर्यंत आटपेल ना हे?"

तोंडात फार काही बिघडलेलं नव्हतं. दाढांची ठेवण व्यवस्थित, हिरड्या निरोगी, एक्स-रेमध्ये हाडाची पातळी चांगली. खालच्या पुढच्या दातांत माफक गर्दी होती. खरी अडचण वर उजवीकडे होती. मधल्या मोठ्या पटाशीच्या शेजारचा लहान दात, म्हणजे दुसरी पटाशी, सुमारे दीड मिलिमीटर वर चढलेली आणि किंचित आत गेलेली. तिला लागून असलेला सुळा साधारण २० अंशांनी फिरलेला. हसताना नेमका तोच कोपरा डोळ्यात भरायचा.

तारांना मृणालचा ठाम नकार होता. तोंडाचं स्कॅन करून आराखडा बनवला तेव्हा वरचे २४ आणि खालचे १८ ट्रे निघाले. दुसऱ्या पटाशीवर, सुळ्यांवर आणि उपदाढांवर अटॅचमेंट, म्हणजे दाताच्याच रंगाच्या काँपोझिटचे छोटे उंचवटे, लावायचे होते. खालच्या पुढच्या दातांमध्ये थोडं घासून जागा करायची होती. पटाशी खाली आणण्याचं काम चौथ्या ट्रेपासून चौदाव्यापर्यंत पसरलेलं होतं. सुळा मात्र जवळजवळ शेवटपर्यंत, दर ट्रेमागे सुमारे एक अंश, असा फिरणार होता.

मग कॅलेंडर समोर आलं. जुलैच्या मध्यावर सुरुवात धरली, तर दर ७ दिवसांनी बदल केल्यास २४ ट्रे डिसेंबरअखेर संपतात. १० दिवसांनी केल्यास मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. १४ दिवसांनी केल्यास जूनच्या मध्यावर. आईंनी तिथल्या तिथे निकाल लावला: "मग सातच दिवस." वैद्यकीय कारणानेही सात दिवस अवाजवी नव्हते. वय तरुण, हाड चांगलं, दर ट्रेमागची हालचाल लहान. आम्ही सात दिवस मान्य केले आणि अट घातली की ट्रे दिवसात २२ तास तोंडात राहिला पाहिजे.

सात दिवस आले कुठून

या उपचाराला व्यापारी रूप देणारी पहिली मोठी कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि १९९८ मध्ये तिला तिथल्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. पुढची बरीच वर्षं रिवाज दोन आठवड्यांचा होता. दरम्यान ट्रेचं प्लास्टिक बदललं, अटॅचमेंटचे आकार सुधारले आणि २०१६ मध्ये त्याच कंपनीने आठवड्याला एक ट्रे अशी शिफारस केली. उपचाराचा काळ कागदावर निम्मा झाला. आज रुग्णांच्या डोक्यात बसलेला सात हा आकडा तिथून आलेला आहे.

त्यामागे शरीराचं गणितही आहे. एका ट्रेमध्ये एका दाताची सरळ हालचाल साधारण पाव मिलिमीटरपर्यंत ठेवतात. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा जो पातळ थर असतो, त्याची जाडीही जवळपास तेवढीच. नवा ट्रे लावला की पहिल्या एक-दोन दिवसांत दात त्या थरातल्या जागेत सरकतो, एका बाजूचे तंतू दबतात, दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. तोवर हाड जागचं हललेलं नसतं. दबलेल्या बाजूचं हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागायला साधारण दोन दिवस लागतात. दाब जास्त झाला तर तिथला रक्तपुरवठाच तुटतो आणि तो भाग साफ होईपर्यंत दात अडकून राहतो. ऑर्थोडॉन्टिक हालचालीचा ढोबळ वेग महिन्याला एक मिलिमीटर धरतात. आठवड्याला पाव मिलिमीटर म्हणजे तेच झालं.

सात दिवसांचा हिशोब असा बसतो. पण तो दात सरकवण्याच्या साध्या कामाचा हिशोब आहे आणि त्यात २२ तास गृहीत आहेत. दात हलायला दिवसातून किमान चार ते आठ तास सलग दाब लागतो असं मानतात, आणि दाब जितका जास्त तास टिकतो तितकं काम पुढे जातं. शिवाय प्रत्येक हालचाल सारखी सोपी नसते. दात खाली ओढून आणणं आणि गोलसर दात फिरवणं ही अलाइनरची जुनी दुखणी आहेत. प्लास्टिक दाताला ढकलू चांगलं शकतं, पण ओढायचं असेल तर धरायला काहीतरी लागतं. २००९ च्या एका बहुचर्चित अभ्यासात आराखड्यातल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्के प्रत्यक्ष झालेल्या दिसल्या. दात ओढून आणण्यात तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही आत होतं. त्याच धर्तीवर २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात सरासरी ५० टक्क्यांवर आली. सुधारणा आहेच. पण संगणकाच्या पडद्यावर सरकणारे दात बघून हरखून गेलेल्या माणसाला हे आकडे आधी सांगायला हवेत.

७, १० आणि १४ दिवसांची थेट तुलना करणारी एक यादृच्छिक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मागच्या दातांच्या काही हालचालींत १४ दिवसांचा गट सरस निघाला. पण फरक इतका लहान होता की ७ दिवसांचं वेळापत्रक चालण्याजोगं मानलं गेलं, आणि मागच्या दातांना अवघड हालचाली असतील तर १४ दिवसांचा विचार करावा असं सुचवलं गेलं. माझा अनुभव याच्याशी जुळतो. सात दिवस चुकीचे नाहीत, पण सगळ्या दातांना आणि सगळ्या ट्रेना एकच आकडा लावणं सोयीपुरतं असतं.

अडचण

पहिले सात ट्रे ठरल्याप्रमाणे गेले. सहाव्या ट्रेच्या वेळी तपासणी झाली, सगळं नीट बसत होतं, पुढचे ट्रे देऊन बाराव्यापर्यंतची मोकळीक दिली. तिथून पुढचे सहा आठवडे सोप्या प्रकरणातही मोठे असतात. इथे तर पटाशी नेमकी याच टप्प्यात खाली यायची होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मृणालचा फोटो आला. "अकरावा ट्रे लावलाय, पण एका दातावर पोकळी दिसतेय. चालेल का?" फोटो अस्पष्ट होता, तरी उजव्या दुसऱ्या पटाशीच्या टोकाखाली प्लास्टिकमध्ये चंद्रकोरीसारखी रिकामी जागा दिसत होती. लाळेचा एक बुडबुडा त्यात अडकलेला होता. तारीख पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. दर आठवड्याच्या हिशोबाने ती दहाव्या ट्रेवर असायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावून घेतलं.

तपासणीत काय दिसलं

ट्रे हिरडीपर्यंत नीट बसलेला होता, पण पटाशीवर जवळजवळ अर्धा मिलिमीटरची फट होती. सुळ्यावरचं अटॅचमेंट अर्धं झिजलेलं. त्यामुळे प्लास्टिकची कड त्याच्यावर न अडकता घसरत होती. खालचा जबडा मात्र छान चालला होता, कुठेही फट नाही.

मग तिने वापरून झालेले ट्रे काढले. सुदैवाने प्रत्येक ट्रे त्याच्या मूळ पाकिटात, क्रमाने, एका डब्यात ठेवलेला होता. (बरेच जण जुना ट्रे कँटीनच्या टिश्यूत गुंडाळून टाकून देतात. मग मागे फिरायची वाटच उरत नाही.) ते टेबलावर ओळीने मांडले. तिसरा, चौथा, पाचवा हे धुरकट झालेले होते, चावण्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे, कडा किंचित पिवळट. नववा आणि दहावा जवळजवळ कोरे होते. किती तास वापरले असं विचारण्याआधीच उत्तर टेबलावर पडलेलं होतं.

विचारल्यावर तिने सरळ सांगितलं. आठव्या ट्रेपासून ती पाच दिवसांनी बदलत होती. परदेशात असलेली एक मैत्रीण पाच दिवसांनी बदलते आणि तिचं सगळं झकास चाललंय असं कळलं होतं. शिवाय "तिसऱ्या दिवसानंतर दुखतच नाही, म्हणजे दात पोचला असेल ना?" हा गैरसमज फार पसरलेला आहे. नव्या ट्रेची ठणक दोन ते चार दिवसांत बहुतेकांची कमी होते, दात पोचलेला असो वा नसो. ठणक थांबली याचा अर्थ एवढाच की दबलेल्या तंतूंना सवय झाली. हाडाचं काम त्याच सुमारास कुठे रंगात येतं.

याच दिवसांत गणपती होते. घरचा दीड दिवसाचा, मग सोसायटीचा, सासरकडच्यांकडे दर्शन, ऑफिसमधल्या दोघा-तिघांकडे आरती. प्रत्येक ठिकाणी प्रसाद आणि चहा. ट्रे काढून पर्समधल्या डबीत जायचा आणि घरी परतल्यावर दात घासूनच परत बसायचा.

सणाचे दिवस सोडून साधा कामाचा दिवस कसा जातो, तेही तिला तासांवर बोलायला लावलं. सकाळचा चहा आणि नाश्ता मिळून पाऊण तास. ऑफिसात अकराला टपरीवर चहा, परत येऊन ट्रे बसेपर्यंत अर्धा तास. जेवण सहकाऱ्यांबरोबर, आणि लगेच मीटिंग असेल तर ती संपेपर्यंत ट्रे बाहेरच, म्हणून सव्वा तास. संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल असायचा. ट्रे असताना 'स' आणि 'श' जरा बोबडे येतात म्हणून कॉलभर ट्रे काढलेला, एक तास. चारचा चहा वेगळा. रात्रीचं जेवण, आणि त्यानंतर होणाऱ्या नवऱ्याशी व्हिडिओ कॉल. बेरीज साडेपाच तासांच्या आसपास गेली. म्हणजे ट्रे तोंडात साधारण साडेअठरा तास, सणाच्या दिवसांत त्याहून बरेच कमी.

२२ तासांच्या दराने सात दिवसांत एका ट्रेला १५४ तास मिळतात. साडेअठरा तासांच्या दराने पाच दिवसांत ९२ च्या आसपास. दात तासांची पासबुकात नोंद ठेवत नाही, हे खरं. सलग दाब आणि तुकड्यातुकड्यांतला दाब यांचा परिणाम वेगळा असतो, त्यामुळे नुसत्या बेरजेवर विसंबता येत नाही. तरीही हे दोन आकडे कागदावर शेजारी लिहिल्यावर मृणालचा चेहरा उतरला, आणि पुढचं बोलणं सोपं झालं.

दात नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी एकेक जुना ट्रे घालून पाहिला. दहावा बसेना. नववा जवळजवळ बसत होता, पटाशीवर केसभर फट. आठवा पूर्ण बसला, टक्कन आवाज करून. म्हणजे कॅलेंडरप्रमाणे ती दहाव्यावर, स्वतःच्या हिशोबाने अकराव्यावर आणि पटाशी आठव्यावर होती.

समोर असलेले पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे काहीच न बदलता सात दिवसांवर येणं आणि पुढचे ट्रे चालू ठेवणं. अर्धा मिलिमीटरची फट पुढच्या ट्रेमध्ये भरून निघेल अशी आशा रुग्णांना असते. तसं क्वचित होतं. प्रत्येक ट्रे मागचं काम पूर्ण झालं असं धरून बनवलेला असतो. एकदा पटाशी मागे पडली की पुढचा ट्रे अटॅचमेंटला चुकीच्या जागी दाबतो, आणि खाली यायचा दात उलट वर ढकलला जाऊ शकतो. हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

दुसरा, मागे जाणं. आठव्या ट्रेपासून पुन्हा सुरुवात, पण दिवस वाढवून. खर्च नाही, नवीन ट्रेची वाट पाहणं नाही. वेळ मात्र जातो, आणि फेब्रुवारी पुढे सरकत नाही.

तिसरा, नव्याने स्कॅन करून उरलेला आराखडाच बदलणं. तांत्रिकदृष्ट्या हे नीटनेटकं. पण नवे ट्रे येईपर्यंत तीन-चार आठवडे थांबावं लागलं असतं. आणि फट पडण्याचं मूळ कारण तासांमध्ये असेल तर नव्या आराखड्याचंही तेच झालं असतं. आमच्या व्यवसायात हा पर्याय फार लवकर उचलला जातो असं मला वाटतं. स्कॅनर हाताशी असतो, म्हणून.

चौथा, पटाशीवर बटण चिकटवून रबराने ती ट्रेच्या दिशेने खाली ओढणं. मागे पडलेल्या दुसऱ्या पटाशीसाठी हा हमखास उपाय आहे. बटण आणि रबर जवळून दिसतात, एवढीच तक्रार.

वरच्या पुढच्या सहा दातांना दोन महिन्यांपुरत्या तारा लावण्याचंही बोललो. निव्वळ त्या दाताचा विचार केला तर सर्वांत खात्रीचा मार्ग तोच होता. मृणालने ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

आईंनी आणखी एक विचारलं. दात लवकर हलावेत म्हणून तोंडात धरायचं थरथरणारं यंत्र मिळतं, ते घेऊ का? अलाइनरबरोबर अशा यंत्राची नियंत्रित चाचणी झाली, तेव्हा ते वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांत फरक आढळला नाही. हाडाला बारीक छिद्रं पाडून वेग वाढवण्याचा उपाय निघालेला आहे, त्याचा फायदा असलाच तर माफक आणि थोड्या काळापुरता. दोन्हींवर पैसे घालवू नका असं सांगितलं.

निर्णय आणि त्यामागची घासाघीस

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचं ठरलं. सुळ्यावरचं अटॅचमेंट नव्याने बांधलं. आठवा ट्रे १४ दिवस, मग नववा १४ दिवस. पटाशीवर बटण आणि रबर फक्त घरी असताना आणि रात्री. ऑफिसात रबर नको हा मृणालचा आग्रह आम्ही मान्य केला, कारण न पाळली जाणारी पूर्ण सूचना देण्यापेक्षा पाळली जाणारी अर्धी बरी. दिवसातून दोन-तीनदा च्युई, म्हणजे स्पंजी रबराची गुंडाळी, पटाशी आणि सुळ्याच्या जागी पाच-पाच मिनिटं चावायची.

खालच्या जबड्याचं काय करायचं यावर बराच खल झाला. तो व्यवस्थित चालला होता, त्याला उशीर का करायचा? पण वरचे आणि खालचे ट्रे वेगवेगळ्या तारखांना बदलायचे म्हटलं की कामाच्या धबडग्यात घोटाळा होतो. उपचार संपण्याची तारीख वरचाच जबडा ठरवणार होता. म्हणून खालचे ट्रेही वरच्यांबरोबर, एकाच रात्री बदलायचे. खालच्या दातांना जास्त दिवस मिळाल्याने नुकसान काही नव्हतं.

तासांचा प्रश्न उपदेशाने सुटणार नव्हता. चहा सोड म्हणणं पुण्यात तरी व्यर्थ आहे, आणि गरम चहा ट्रे घालून पिऊ देणं त्याहून वाईट. उष्णतेने प्लास्टिकचा आकार बिघडतो, डाग पडतो, आणि साखर ट्रेच्या आत दातांना चिकटून राहते. तडजोड अशी निघाली: अकराचा टपरीवरचा चहा नाश्त्याला जोडायचा, चारचा ठेवायचा. जेवल्यावर मीटिंगआधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ट्रे लगेच बसवायचा, घासणं घरी. क्लायंटच्या कॉलला ट्रे राहू द्यायचा. बोबडेपणा पंधरवड्यात जातो, आणि तो समोरच्यापेक्षा स्वतःलाच जास्त ऐकू येतो. मोबाइलवर ट्रे काढल्याची वेळ मोजणारा टायमर लावला.

लग्नाच्या तारखेची अडचण तशीच राहिली. उरलेले सगळे ट्रे १० दिवसांनी बदलले तर मार्च उजाडणार होता. तेव्हा आराखडा पुन्हा उघडून एकेक ट्रे पाहिला. पटाशी खाली येण्याचं काम चौदाव्या ट्रेपर्यंतच होतं. पंधराव्यापासून पुढचं बहुतेक काम उपदाढांचा कल, चाव्याची बारीक जुळवाजुळव आणि सुळ्याचे शेवटचे काही अंश यांचं होतं. फोटोत यातलं काहीही दिसणार नव्हतं.

म्हणून कॅलेंडर दोन वेगांचं केलं. १० ते १४ हे ट्रे १० दिवसांनी. त्यानंतरचे, प्रत्येक वेळी फट नाही याची खात्री करून, ७ दिवसांनी. लग्नापर्यंत जिथे पोचू तिथे थांबायचं, उरलेलं लग्नानंतर. "लग्नाआधी सगळं आटपेल" हे वाक्य त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून मागे घेतलं. आईंना ते जड गेलं.

पुढे काय झालं

पहिल्या पंधरवड्यानंतर नववा ट्रे घालून पाहिला, तो बसला. त्याच्या पंधरवड्यानंतर दहावाही बसला, रबर काढून टाकलं. दर ट्रेच्या बदलाआधी मृणालने उजव्या बाजूचा जवळून फोटो पाठवायचा असं ठरलं होतं. दिवाळीच्या आठवड्यात फराळामुळे पुन्हा तास घसरले. तेव्हा बारावा ट्रे दहाऐवजी बारा-तेरा दिवस ठेवायचं तिने स्वतःच ठरवून कळवलं. सप्टेंबरमधल्या मृणालने हे केलं नसतं.

चौदावा ट्रे डिसेंबरच्या मध्यावर संपला. पटाशी शेजारच्या दातांच्या रांगेत आलेली होती. तिथून सात दिवसांच्या वेगाने जानेवारीअखेर विसावा ट्रे लागला आणि त्यातच थांबलो. सुळा अंदाजे सहा-सात अंश बाकी होता. लग्नाच्या आठवड्यात पटाशी आणि सुळ्यावरचे अटॅचमेंट घासून काढले, आणि विसावाच ट्रे दात आहेत तिथे धरून ठेवायला रात्री आणि दिवसा जमेल तेवढा, असं सांगितलं. हळद, लग्न आणि सत्यनारायण मिळून तीन-चार दिवस तो दिवसा लागलाच नाही. त्याची तयारी ठेवलेली होती.

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा स्कॅन केलं. सुळा आणि उपदाढांसाठी अटॅचमेंट परत लावून ९ ट्रेचा शेवटचा संच, दर १० दिवसांनी. इथे ७ दिवसांचा विषय आम्ही काढलाच नाही, घाई उरलेली नव्हती. २०१४ च्या एका अभ्यासात उपदाढा फिरवताना दर ट्रेमागे दीड अंशाच्या आत राहिल्यास यश बरंच जास्त दिसलं होतं. सुळाही तसाच गोलसर दात, म्हणून त्याचे उरलेले अंश पूर्ण संचावर पातळ पसरले. जूनअखेर उपचार संपला. सुळ्यात एखाद-दुसरा अंश फरक उरला असेल, तो मला दिसतो, मृणालला दिसत नाही. नंतर रात्री लावायचे रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे साचे, दिले.

कुठे वेगळं करता आलं असतं

सरसकट १४ दिवस धरले असते तरी शेवटचा ट्रे जूनच्या मध्यावरच संपला असता. घाईने चालूनही आम्ही जूनअखेरलाच पोचलो. यावरून १४ दिवस योग्य होते असं म्हणणं घाईचं ठरेल. त्या वेगाने फेब्रुवारीत पटाशी जेमतेम खाली आली असती, आणि सुळ्यासाठी शेवटचा संच तेव्हाही लागला असता अशी दाट शक्यता आहे.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सहाव्या ट्रेच्या तपासणीचा क्षण. अवघड हालचालीच्या ऐन मध्यावर पुढची भेट सहा आठवड्यांवर असणं, आणि मधल्या काळात फोटोंची सक्ती नसणं, हे दोन्ही टाळता येण्याजोगं होतं. आठव्या ट्रेला पाच दिवसांचा पहिला बदल झाला, तेव्हाच एका फोटोत तारीख उघडी पडली असती.

दुसरा निर्णयबिंदू पहिल्याच भेटीतला. कॅलेंडर मांडताना तीन वेग तीन वेगळे पर्याय म्हणून समोर ठेवले गेले, आणि घरच्यांनी त्यातला सर्वांत स्वस्त वेळेचा उचलला. ४ ते १४ या ट्रेना १० दिवस आणि बाकीच्यांना ७, असा मिश्र हिशोब त्याच दिवशी मांडता आला असता. त्या हिशोबाने शेवटचा ट्रे जानेवारीच्या अखेरीस संपतो. मुहूर्ताआधी दोन-तीन आठवडे हातात राहिले असते, आणि पाच दिवसांचा मोह कदाचित झालाच नसता.

रबराबाबत आमच्यातच मतभेद आहेत. माझ्या सहकारी डॉक्टरांचं म्हणणं असं की, दुसरी पटाशी दीड मिलिमीटर खाली आणायची असेल तर बटण आणि रबर पहिल्या दिवसापासून आराखड्यात हवं, फट पडण्याची वाट का पाहायची. मला ते प्रत्येक रुग्णाला लागेल असं वाटत नाही. दर ट्रेमागची हालचाल लहान असेल आणि तास पाळले जात असतील तर अटॅचमेंटवर भागतं. पण चहा, कॉल आणि लग्नाची धावपळ पाहता मृणालच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही.

पाकिटावर आता आम्ही दिवसांचा आकडा छापत नाही. पुढच्या भेटीपर्यंतच्या प्रत्येक ट्रेसमोर पेनाने लिहून देतो, सात किंवा दहा किंवा चौदा, आणि खाली एक ओळ: दातांच्या टोकाशी फट दिसली तर पुढचा ट्रे उघडू नका, फोटो पाठवा.